शपथेपुरतं डोकं

आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू म्हणजे माझं डोकं. अभ्यासासाठी नव्हे, शपथेसाठी. बाबा दारू सोडत ते माझ्या डोक्यावर हात ठेवून, आणि सोडत तर वरचेवर. मी एकुलती एक, त्यामुळे पाळीपाळीने वापरायला घरात दुसरं डोकंही नव्हतं.

धाड या आमच्या गावी बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड उडायची आणि संध्याकाळ झाली की बाबा गावाबाहेरच्या भट्टीकडे वळायचे. तेव्हा राज्यात दारूबंदी होती. म्हणजे दारूसाठी थोडं चालावं लागायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सदऱ्याची एक बाही लांब, एक आखूड व्हायची, माय भांडी आपटायची, आणि मग मला अंगणात बोलावणं यायचं. बाबांचे डोळे भरून येत. "या लेकराची शपथ, आता थेंब नाही." त्यात खोटं काही नसायचं. बाबा शपथ घ्यायचे मनापासून आणि मोडायचेही मनापासून. नव्याचे नऊ दिवस म्हणणारा माणूस फारच आशावादी असला पाहिजे. आमच्याकडे एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंतच मजल जायची.

शपथ मोडली की जिच्या डोक्यावर ती घेतली ती मरते, हे मला शाळेतल्या मुलींनी समजावून सांगितलं होतं. बाबा झोकांड्या खात घरी आले की मी कपाळाला हात लावून ताप बघत असे. गोवर आला तेव्हा तर मी माझी पाटी मैत्रिणीला देऊन टाकली, माझ्यामागे निदान तिच्या कामी येईल म्हणून. मला मरणाची फार भीती वाटायची. पण कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बाबांना वाईट वाटलं असतं, आणि वाईट वाटलं की ते पितात, हे मला पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं.

मग मुंबईच्या गिरणीतून एक काका गावी परतले. तेही एके काळी पक्के पिणारे. मुंबईला म्हणे दारू सोडणाऱ्यांची एक मंडळी होती, आपसात बसून बोलणारी. तिच्या बारा पायऱ्या होत्या आणि कुणाचं नाव बाहेर फोडायचं नाही असा नियम होता. बाबा पितात हे धाडच्या बैलांनाही ठाऊक होतं, पण नियम म्हणजे नियम. म्हणून मीसुद्धा इथे कुणाचं नाव घेत नाही.

आमच्या गावची मंडळी म्हणजे काका आणि बाबा. बैठक शिलाई मशीनपाशी. दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं, ही पहिली पायरी. बाबांनी कबूल केलं तेव्हा माय म्हणाली, "हे तं साऱ्या गावाले माहीत हाये. त्याच्यासाठी मुंबईहून माणूस कायले पाह्यजे?"

काकांचा उपदेशही तिला पटण्यासारखा नव्हता. "उपाशी राहू नको. एकटा बसू नको. तलफ आली का गुळाचा खडा तोंडात टाक अन् माह्याकडे ये. पेल्यावर नाही, पेयच्या आधी ये. फक्त आजच्यापुरतं नाही म्हन. अन् शपथ बिलकुल घेऊ नको." शेवटचं ऐकून मायने कपाळावर हात मारला. शपथेवाचून दारू सोडणं म्हणजे तिला मुहूर्तावाचून लग्न लावल्यासारखं वाटलं.

बाबा गूळ घेऊन हिंडू लागले. खिशाला मुंग्या लागल्या. दोन-तीन बाजार कोरडे गेले तरी मायचा विश्वास बसेना. तिने जळगाव जामोदला आपल्या भावाला निरोप धाडला.

मामा सकाळच्या गाडीने आले. ते स्वतः पीत नसत, आणि हे कुणाला विसरूही देत नसत. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊजी, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा अन् माह्यासमोर शपथ घ्या. नाही तं या दोघी आजच माह्यासंग येतात, अन् परत येत नाहीत."

मी सवयीने पुढे झाले आणि मान खाली घातली. बाबांचा हात वर आला, थांबला, आणि खाली गेला.

"शपथ नाही घेत मी."

"काऊन?"

"लय घेतल्या. आज पेत नाही, एवढं सांगतो. उद्याचं मले माहीत नाही."

"ऐकलं का बाई?" मामा कडाडले. "उद्या पेईन म्हणून तोंडावर सांगून राह्यला हा माणूस!"

माय गाठोडं घेऊन दारात उभी होती. मरेपर्यंतचे वायदे तिने ढिगाने ऐकले होते, इतका तोकडा वायदा पहिल्यांदाच ऐकत होती. तिने बाबांकडे नीट पाहिलं.

"आज नाही ना?"

"आज नाही."

तिने गाठोडं खाली ठेवलं. "दादा, तू च्या घे. आजचा दिवस मी राह्यतो."

मी अजून मान खाली घालूनच उभी होते. बाबा म्हणाले, "जाय, खेळ. झालं."

मी विचारलं, "मंग आता मी मरत नाही ना?"

कुणाला काही उमगलं नाही, म्हणून मी समजावून सांगितलं. "तुम्ही पेले का मी मरतो ना, शपथेनं."

बाबांचे डोळे भरून आले, नेहमीसारखेच, आणि त्यांनी मला जवळ घ्यायला हात पुढे केला. तो डोक्याकडे येताना दिसला आणि मी घाबरून मायच्या मागे लपले.

त्या दिवशी बाबा प्याले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. दारू तशी लवकर सुटली म्हणायची. माझ्या डोक्यावरून नुसता मायेने हात फिरवायला मात्र त्यांना पुढे कित्येक वर्षं लागली.