दहापर्यंत मोजणारा माणूस

फोन आला तेव्हा मी एका पाककृतींच्या कार्यक्रमातले फोडणीचे शॉट जुळवत होते. दत्तादादांच्या बायकोचं, सुनंदावहिनींचं नाव दिसलं म्हणून हेडफोन काढला. त्या एवढंच म्हणाल्या, "दादा गेले गो." दुपारी जेवून नेहमीसारखे दुकानात जाऊन बसले होते. चारला वहिनी चहा घेऊन गेल्या तर मान भिंतीला टेकलेली… मी निघते म्हणाले, फोन ठेवला आणि समोरची फाइल सेव्ह केली. बातमी ऐकल्यावर आधी फाइल सेव्ह करणारा माझा हात मला त्या दिवशी आवडला नाही. पण तो हातही दादांनीच वळवलेला होता.

मी मुंबईहून रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाराव्याला पुन्हा गेले. दत्ताराम घवाळी, आम्हां विद्यार्थ्यांचे दत्तादादा, यांचं एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. तीस वर्षं त्यांनी लग्नं, मुंजी, साखरपुडे, पूजा सगळं टिपलं. आणि या माणसाला हार घालायला घरात धड फोटो नव्हता. लायसन्सवरचा फोटो मोठा करून आणलेला. त्यात डोळे वटारलेले, कान मोठे, चोरी करताना पकडल्यासारखे दादा. पाहुणे जेवायला बसल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "तुज्याकडं काय असलं तर बग. हलता, बोलता… एवढासा असला तरी चालंल." त्यांना मूलबाळ नाही. मी लगेच म्हटलं, असणारच वहिनी, तीन वर्षं त्यांच्याबरोबर होते मी. हे आश्वासन मी फार घाईने दिलं.

मी देवरूखची. शिकायला रत्नागिरीच्या कॉलेजात आले आणि घरच्यांच्या मते नसता उद्योग म्हणून चित्रफितींचा अभ्यासक्रम घेतला. पुस्तकातल्या व्याख्या पाठ करून आम्ही हुशार झालो होतो. प्रात्यक्षिकांसाठी कॉलेजने दादांना बोलावलं. पहिल्या तासाला ते ट्रायपॉडबरोबर बगलेत एक लाकडी पाट घेऊन आले. आम्ही हसलो. त्यांनी पाट मांडला, त्यावर बसले, कॅमेरा हनुवटीच्या उंचीवर आणला आणि समोर जमिनीवर बसलेल्या शिपाईमामांकडे वळवला. म्हणाले, माणूस बसला असेल तर तुम्ही पण बसा. कॅमेरा वरनं लावला की माणूस बिचारा दिसतो आणि खालनं लावला की पुढारी. दोन्ही खोटं. कोनांवरची पुढची अनेक व्याख्यानं मी विसरले, हे एक वाक्य राहिलं.

त्यांचं सगळं शिकवणं असंच लग्नमंडपातून यायचं. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधली रेघ ओलांडू नये, हा नियम आम्हाला कळत नव्हता. दादांनी वर्गातली दोन मुलं नवरा-नवरी म्हणून उभी केली. मध्ये माझी ओढणी अंतरपाट म्हणून धरली. भटजींच्या बाजूला उभे राहिलात तर अक्षता पडेपर्यंत त्याच बाजूला राहा, म्हणाले, मध्येच करवल्यांच्या बाजूला गेलात तर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतील, एसटीची वाट बघत असल्यासारखी. कट कुठे मारायचा ते वहिनींच्या हातांकडे बघून शिकवलं. भाकरी थापताना हात उचलला की तिथे काप, हात पडलेला पुढच्या शॉटमध्ये दिसू दे, कुणाला सांधा कळणार नाही. आणि दृश्य बदलायच्या आधी पुढच्या दृश्यातला आवाज आणायचा असतो हे गल्लीत येणाऱ्या मासळीवालीवरून. तिची हाक आधी येते, मग ती कोपऱ्यावर दिसते. "आदी आवाज, मग माणूस," ते म्हणायचे. "म्हंजे बघणारा वाट बघतो."

पण त्यांची खरी खोड वेगळी होती. शॉट संपला तरी ते कॅमेरा बंद करत नसत. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत दहापर्यंत मोजत. सुरुवातीलाही दहा, शेवटीही दहा. टेपच्या काळातली ही सवय, यंत्राला वेग घ्यायला वेळ लागायचा म्हणून. आता यंत्र लगेच सुरू होत होतं, तरी दादांचं मोजणं चालूच. आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. मी तर त्यांची नक्कलही करायचे, पेरं मोजत, डोळे मिटून. ती त्यांनी एकदा दारातून पाहिली आणि न हसता सांगितलं की तू घाईत मोजतेस.

शेवटच्या वर्षाच्या माहितीपटासाठी मी बुरोंडीला गेले. दादा बरोबर आले, स्वतःचा कॅमेरा घेऊन. तिथे काशीरामतात्या म्हणून एक वृद्ध खलाशी होते. होडीवर जाणं बंद झालेलं, पण घराच्या पडवीत बसून गावाची फाटलेली जाळी शिवत. दादांनी पाट मांडला आणि दोन दिवस आम्ही त्यांच्या हातांपाशी बसलो. तात्या कॅमेऱ्यासमोर फार गंभीर होत. छाती पुढे काढून, शाळेत उभं केल्यासारखे उत्तरं देत. शेवटचा प्रश्न झाला, मी 'झालं तात्या' म्हटलं आणि ते सैल झाले. दादांचा अंगठा पेरांवर फिरत होता. तात्यांनी चष्मा काढला, बनियनने पुसला आणि बोळकं पसरून हसत म्हणाले, "ह्यातलं काय आमच्या मंदाला दावू नका हां. डाक्तरनं नको सांगितलान ना, बसायला. रडंल ती… लय जीव हाय तिचा माज्यावर." मग त्यांनी सुई पुन्हा उचलली. दादांनी कॅमेरा बंद केला.

चित्रपट मी दुकानातल्या संगणकावर कापला. मला सफाईची नशा चढली होती. तात्यांचं प्रत्येक वाक्य मी पहिल्या अक्षरावर सुरू केलं आणि शेवटच्या अक्षरावर तोडलं. चष्म्याचा तो भाग विषयाला धरून नव्हता. काम पुरं होईना, कारण हार्ड डिस्कवर जागा नव्हती. दादा एका साखरपुड्याला गेले होते. त्यांना विचारायला हवं होतं, एक फोन पुरला असता. मी मूळ क्लिप निवडल्या आणि पुसून टाकल्या. कॅमेऱ्यातली कार्डं आधीच एका लग्नासाठी कोरी झालेली. चित्रपटाचं कौतुक झालं. परीक्षक म्हणाले, एकही जादा क्षण नाही.

चार महिन्यांनी तात्या वारले. त्यानंतर एके सकाळी त्यांची मुलगी, मंदाताई, दुकानात आल्या. त्या मुंबईला असत, नवऱ्याची नोकरी तिथे. वडलांचं शेवटचं दर्शन त्यांना मिळालं नव्हतं. चित्रपट पाहिलेला, पण त्या म्हणाल्या, हे बाबा नव्हेत, हे कुणीतरी भाषण करतंय. दुसरं काही असेल तर द्या. हसताना, चहा पिताना, काहीही. मी टेबलाशी बसले होते. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा बघून त्यांना कळलं. पाण्याचा ग्लास मंदाताईंच्या पुढे सरकवून ते म्हणाले, "माझ्या हातनं पुसलं गेलं ते, ताई. चूक झाली."

मंदाताई त्यांना खूप बोलल्या. माणसं विश्वासाने घरात घेतात आणि तुम्हाला त्याची किंमत नाही, असं बोलल्या. दादा उभे राहून ऐकत होते. मी टेबलावरची वायर गुंडाळत बसले. त्या गेल्यावर मी रडायला लागले, तर दादा म्हणाले, तू अजून शिकतेस, तुझ्या नावाला नको, माझं दुकान जुनं आहे, लोक दोन दिवस बोलतील. लोक दोन दिवस बोलले नाहीत, बरेच महिने बोलले. त्या बाजूच्या गावांतली दोन लग्नं दादांकडे यायची ती दुसऱ्याकडे गेली. मला ते वहिनींकडून कळलं. दादा मला एवढंच म्हणाले, "काप. पण टाकू नको."

क्लिप तर गेली होतीच. पण तात्या काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. मंदाताई दारातून बाहेर पडत होत्या तेव्हाही पाठ होतं. निदान ते त्यांना सांगता आलं असतं. सांगायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं, म्हणून मी ते गिळलं. आठ वर्षं गिळून आहे. गेल्या मे महिन्यात आंबे न्यायला गेले होते, तेव्हा दादा जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने लेन्स पुसत बसले होते. मनात होतं की आज हा विषय काढू, मंदाताईंचा पत्ता शोधू, दोघं मिळून जाऊ. त्याऐवजी मी माझ्या नव्या कामाच्या बढाया मारल्या. त्यांनी कौतुकाने ऐकल्या. ती आमची शेवटची भेट.

म्हणून इथे लिहिते. बुरोंडीच्या त्या क्लिप दत्ताराम घवाळींनी पुसल्या नव्हत्या, मी पुसल्या. मंदाताई, तुमच्या वाचनात हे आलं तर, तुमचे बाबा हसले होते. वर जे शब्द लिहिलेत ते त्यांचेच आहेत, एकही बदललेला नाही. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

वहिनींना दिलेल्या शब्दापायी मी तीन रविवार जुन्या डिस्क उपसल्या. पुरी झालेली एकूण एक कामं पाहिली. कशातही दादा नाहीत. ते कायम कॅमेऱ्याच्या मागे, आणि जिथे त्यांचा आवाज आला असेल ते दहा-दहा सेकंद मी कापलेले. बुरोंडीनंतर मात्र मी मूळ क्लिप ठेवू लागले होते. त्यांत एक सापडली, बंदरावर सरावासाठी घेतलेली. एक बाई टोपलीत बांगडे धुते आहे. ती धुऊन उठते आणि चौकटीबाहेर जाते. रिकामा धक्का राहतो. मग माझा आवाज, "झालं दादा, बंद करू?" आणि अगदी माइकजवळ त्यांचा, "थांब. अजून धा नाय झाले."

एवढंच आहे. गेल्या आठवड्यात ती क्लिप घेऊन रत्नागिरीला गेले. दुकान वहिनींनी झाडून ठेवलंय. पाट भिंतीला टेकलेला होता, तो घेऊन त्या संगणकापुढे बसल्या. मी क्लिप लावली. आवाज आला तशा त्या पुढे झुकल्या आणि पडद्याच्या डाव्या कडेकडे बघायला लागल्या. मीही तिकडेच बघत होते. आधी आवाज, मग माणूस… कडेने कुणी आलं नाही. वहिनींनी पुन्हा लाव म्हटलं. चार वेळा लावली. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "ह्याच्या पुढं नाय काय?" मी नाही म्हटलं.

पाचव्या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही. बाई उठते तिथपासून अंगठा पेरांवर ठेवला आणि सावकाश, ते मोजायचे तसं मोजत गेले. लाटेचा आवाज, माझा प्रश्न, त्यांचं वाक्य, मग नुसता त्यांचा श्वास. मी सातावरच कॅमेरा बंद केला होता.