आमच्या शिरोमणीने न बघितलेलं डोकं

माझी नणंद माणसांना तोंडावरून नाही, डोक्यावरून ओळखते. केसांवरून नव्हे हं, आतल्या मेंदूवरून! एकदा बाजारात एक बाई हिला थांबवून मनापासून हसल्या. "ओळखलंत ना?" म्हणाल्या. ही ढिम्म. बिचाऱ्या खट्टू होऊन निघून गेल्या. मी विचारलं, "कोण गं त्या?" तर म्हणते, "काय की. फोटो बघितला असता तर लगेच सांगितलं असतं." फोटो म्हणजे एमआरआयचा! मी कपाळावर हात मारून घेतला.

ही डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारी नाही, संशोधन करणारी. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे, सगळे त्याला एमएस म्हणतात. शरीराची राखण करणारी फौजच उलटते आणि मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागते. मग मेंदूत ठिपके पडतात, एमआरआयमध्ये ते पांढरे दिसतात. गोची अशी की ठिपके दुसऱ्या कारणांनीही, अगदी अर्धशिशीनेही, पडतात, आणि नेहमीच्या फोटोत पुष्कळदा ते सगळे सारखेच दिसतात. हे मला तोंडपाठ आहे, कारण तसले ठिपके माझ्या डोक्यात आहेत.

मी बंदरावर क्रेन चालवायचे. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजावरचा कंटेनर उचलायचा आणि खाली ट्रकवर अलगद टेकवायचा. काय मजा होती त्यात! एका सकाळी उजव्या हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा नाचायला लागल्या. तपासण्या झाल्या, ठिपके दिसले आणि डॉक्टरांनी एमएसचं निदान केलं. अर्धशिशी मला शाळेपासूनची. तेही मी सांगितलं होतं, पण ठिपक्यांपुढे तिला कोण विचारतो? मला खाली उतरवलं आणि फाटकाजवळ हेल्मेटं वाटायला बसवलं. आठ वर्षं झाली. आठ वर्षं मी स्वतःला इंजेक्शनं टोचतेय आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसतेय. कामगार हेल्मेट घेतात आणि मान खाली घालून पळतात.

अशात एका दुपारी नणंदबाई चपला न काढता थेट स्वयंपाकघरात घुसल्या. "वहिनी, शीर दिसली! स्पष्ट दिसली!"

"कोणाची? आणि आधी चपला काढ."

चपला काढायचं भान कुठलं! मी धागा ओवून बटण लावत बसले होते. तिने माझ्या शिवणाच्या डब्यातला एक मणी उचलला, माझ्या हातातला दोरा ओढून घेतला आणि मणी त्यात ओवला. म्हणाली, "हे बघ. एमएसचा ठिपका बारीकशा शिरेभोवती धरतो. शीर त्याच्या मधोमध जाते, मण्यातून दोरा जातो तशी. दुसऱ्या कारणांचे ठिपके बहुतेक असे मोकळेच पडतात." दुसरा मणी तिने ओट्यावर टाकला, तो घरंगळत फटीत गेला. "इतके दिवस मण्यातली शीर नीट दिसत नव्हती. आता नव्या पद्धतीने फोटो काढला की काळी रेघ दिसते. केसाएवढी! वहिनी, आता ओवलेले किती आणि मोकळे किती, ते बघून सांगता येईल!"

बोलताना ती अक्षरशः नाचत होती, आणि तिचा मोठा भाऊ, म्हणजे आमचे हे, दारातून विचारत होते, "लॉटरी लागली का?" तेव्हापासून मी तिचं नाव ठेवलं शिरोमणी. शिरेवरचा मणी बघणारी ती शिरोमणी! ती चिडते. चिडू दे.

पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. माझे मणी ओवलेले की मोकळे?

नक्की एमएस असलेले आणि ज्यांच्या निदानाबद्दल शंका आहे असे, दोन्ही तऱ्हेचे लोक तिला फोटोंसाठी हवे होते. माझी अर्धशिशी ऐकून आता उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही शंका होतीच, त्यांनी माझं नाव पाठवलं. मशीनमध्ये मी ठकठकाट ऐकत पडून राहिले, एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी मी! फोटो कोणाचा ते वाचणाऱ्याला कळू नये म्हणून नावं काढून तिथला गणितवाला ते पत्त्यांसारखे पिसतो. मग दोघेजण वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकेक फोटो वाचतात. त्यातली एक आमची शिरोमणी.

पुढच्या आठवड्यात ती भरदुपारी घरी आली आणि खुर्चीत बसूनच राहिली. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"तुझा फोटो आला समोर."

"नाव नसतं ना त्यावर?"

"नाव कशाला लागतंय? डाव्या बाजूची ती तुझी वाकडी घडी! जुन्या फोटोत इतकी वर्षं बघतेय. झोपेतसुद्धा ओळखेन."

"मग? बोल की! काय दिसलं?"

"काही नाही. ठिपक्यांपर्यंत गेलेच नाही. स्क्रीन बंद केला, गणितवाल्याला सांगितलं आणि उठले."

माझं टाळकंच सटकलं. "उठलीस? अगं, आठ वर्षं मी हेल्मेटं वाटतेय, आणि तू उठलीस? दोन मिनिटं बघायला काय जात होतं तुझं? कोणाला कळणार होतं?"

"मला सगळे मोकळेच दिसले असते, वहिनी!" ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. "नसते तरी दिसले असते. मला तेच हवंय ना! मग तू इंजेक्शनं बंद केली असतीस. आणि खरंच एमएस असता तर? मी काय केलं असतं गं?"

मग ती रडली. मला तिचा राग आलेला होता आणि त्याच वेळी तिच्यावर इतकी माया दाटून आली की काय करावं सुचेना. आमच्या ह्यांनी दोघींच्या मध्ये चहाचे कप ठेवले आणि गुपचूप सटकले.

तिच्याऐवजी तिसऱ्याच डॉक्टरांनी माझा फोटो वाचला. सगळ्यांचं वाचन संपेपर्यंत मी हेल्मेटवाल्यांचा जीव नकोसा केला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. शिरोमणीला मी हाताला धरून नेलं, खरं तर तिनेच मला नेलं.

"दोघांनी वेगवेगळं वाचलंय, दोघांचं उत्तर एकच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसा ना."

"थांबा!" मी म्हटलं. "आता हिने बघितलं तर चालेल ना?"

"आता चालेल. उत्तर ठरून गेलंय."

"मग तुम्ही सांगू नका. हिच्याकडूनच ऐकायचंय मला. हं, वाच गं. मोठ्याने."

डॉक्टरीणबाईंनी हसून स्क्रीन तिच्याकडे वळवला. शिरोमणी पुढे सरकली. घसा खाकरला.

"हा मोकळा," ती म्हणाली. "हाही मोकळा. हा... हा ओवलेला आहे."

मी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिने मागे न बघता माझं मनगट धरलं. "एमएस नसला तरी एखादा असा असतो, वहिनी. घाबरू नकोस. पुढचा मोकळा. त्याच्या खालचा..."

डोळे भरून वाहायला लागले, तिला पुढचं दिसेचना. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"सरक," मी म्हटलं आणि तिच्या खुर्चीवर अर्धी टेकले. माझं स्वतःचं डोकं माझ्यासमोर होतं. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मी काळी रेघ शोधायला लागले. दिसेना. पुढच्यातही दिसेना.

"हा मोकळा ना गं?"

"हो."

"आणि हा?"

"तोही."

"हासुद्धा?" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर बसलेले लोक दारात डोकावले.

"हो गं बाई, हो! तोसुद्धा!"