तारप्याकडे पाठ नाही

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या मराठी मंडळाने दिवाळीला लोकनृत्यांचा कार्यक्रम ठरवला आणि सचिवांचा मला फोन आला. "मॅडम, तुम्ही ट्रायबल ना? एक आयटम बसवा. पानांचे स्कर्ट ऑनलाइन मागवू."

माझा पारा तिथेच चढला. मी वारली आहे, इथल्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचे नकाशे काढते, आणि माझ्या आजीनेसुद्धा कधी पानांचा स्कर्ट घातला नव्हता. तरी मी हो म्हटलं, कारण माझी पाचवीतली लेक नाचायला हटून बसली होती. तिने पहिल्यांदाच नाचायचं आणि तेही चुकीचं, हे मला चालणार नव्हतं.

चुकीचं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी चर्चच्या सिस्टरांनी चालवलेल्या, आदिवासी मुलींच्या निवासी शाळेत शिकले. शाळा सुरू झाली गुरांच्या गोठ्यात. माझी आई तिथे होती तेव्हा आल्या दिवशीच केस कापायचे आणि वारलीत बोललं की जेवण शेवटी मिळायचं. ती तिसरीतून पळून आली. माझ्या वेळेपर्यंत केस वाचले होते. गणित फार छान शिकवायचे, आणि आज मी जी काही आहे ती त्या फळ्यामुळे, हे मी कधी नाकारणार नाही. पण तारपा फाटकाबाहेरच राहिला. सुकवलेल्या दुध्याचं आणि बांबूचं आमचं ते फुंकून वाजवायचं वाद्य म्हणजे दारू आणि भुतंखेतं, असं मोठ्या सिस्टरांचं मत. पाड्यावर तारपा मधोमध वाजतो, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून भोवती फिरतात, आणि त्याच्याकडे कुणीही पाठ करत नाही. शाळेच्या गॅदरिंगला मात्र आम्ही स्टेजवर रांगेत, तोंडं पाहुण्यांकडे, साथीला पेटी. आई मागे मान खाली घालून बसायची.

तालमीला सचिव ओरडले, "यल्ला, चला चला, लाइनमध्ये या! फेस ऑडियन्सकडे!"

"स्टेज नकोच. आम्ही खाली, हॉलच्या मधोमध नाचणार."

"अहो, मग लोकांना तुमच्या पाठीच दिसतील!"

"तोंडं बघायची असतील त्यांनी आत यावं," मी म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी तारपा वाजवणाऱ्याच्या जागी लेक मध्ये उभी राहिली, हातात स्पीकर. माझ्या भावाने पाड्यावर तारपा वाजवून फोनवर पाठवला होता. तिच्याभोवती फिरणाऱ्या आम्ही पाचच जणी. सुरुवातीला कुणीतरी फिसकन हसलं. लेकीचं तोंड एवढंसं झालं. "आई, नोबडी इज वॉचिंग."

"तू फिरत राहा. आम्ही तुझ्याकडे बघतोय ना!"

तेवढ्यात रत्नागिरीच्या दुकानदाराची बायको ओढणी खोचून उठली. "सरक गो, मला पन घे." माझ्या कमरेत तिचा हात आला. मग तिच्या जावा, मग ऑफिसातली मंडळी. खुर्च्या रिकाम्या झाल्या. सचिव सगळ्यात शेवटी शिरले आणि सगळ्यात वाईट नाचले. मला इतका आनंद झाला होता की रडूच फुटलं.

व्हिडिओ शाळेपर्यंत पोचला. तिथल्या आताच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणजे माझ्याच बाकावरची वारली मुलगी. यंदाच्या गॅदरिंगनंतर तिने उलट एक व्हिडिओ पाठवला. स्टेज नाही. अंगणाच्या मधोमध खराखुरा तारपा, भोवती मुलींचं रिंगण, आणि खुर्च्यांवरच्या पाहुण्यांसमोर नुसत्या पाठीच पाठी.

रिंगण फिरलं तशी मुलींमध्ये एक म्हातारी दिसली. ज्या अंगणातून पळाली होती त्याच अंगणात, मान वर करून, माझी आई नाचत होती.