घरच्या वहीतलं कोरं पान

पंचवटीत यज्ञेश्वरगुरुजींचा विषय निघाला की गाडी आधी त्यांच्या वह्यांवर जाते. पाच जिल्ह्यांतल्या यजमानांच्या सात-सात पिढ्या त्यांच्या कपाटात बसल्या आहेत. घरात कुणी गेलं की यजमानाने यायचं, समोरच्या पाटावर बसायचं, गुरुजी विचारतील ते सांगायचं आणि खाली सही करायची. चाळीस वर्षं गुरुजींनी लोकांची माणसं अशी मार्गी लावली. घरच्या वहीत मात्र पोटच्या पोराचं पान कोरं ठेवलं.

अथर्व मार्चमध्ये नाशकातल्याच द्वारका चौकात अपघातात गेला. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. नखांत रहाडीचा, रंगाच्या त्या हौदाचा, रंग तसाच होता. दिवस चुलत्याने केले, गुरुजी आत पंचांग उघडून बसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला ते सुनेला विचारत, "अथर्व निघाला का?" आणि मृण्मयी म्हणे, "निघतील."

असे आठ महिने गेले.

शेजारच्या सिंधुबाईंची खिडकी बरोबर यांच्या स्वयंपाकघरासमोर, आणि ती खिडकी त्यांनी कधी वाया जाऊ दिली नाही. त्यांचं म्हणणं, सून दगड आहे. रडली नाही, आणि चौदाव्या दिवशी स्कूटर काढून कामावर. त्यांना नावं ठेवायची आपली फार इच्छा असली तरी यात खोटं काही नव्हतं. मृण्मयीला काही वाटतच नव्हतं. भाजीत मीठ पडलंय की नाही, हे जेवून उठल्यावरही कळत नसे. फक्त सहाचा तो प्रश्न येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. चुलत्याने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, कुणी मृत्यूचा दाखलाच पुढे ठेवला. गुरुजींनी त्याची घडी घालून पंचांगात खूण म्हणून ठेवली.

दिंडोरी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या शीतगृहात ती सर्व्हर सांभाळायची. शनिवारी शेजारच्या टेबलावरच्या योगेशने तिला बोलावलं. तापमानाची नोंद घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या शेकडो प्रोसेस यादीत अडकल्या होत्या. यादी भरली की नवी नोंद बंद.

"मॅडम, लय वेळा किल मारलं. मरतच नाय."

"मेलेल्याच आहेत त्या," ती म्हणाली. "झोंबी. काम संपलंय, नुसतं नाव उरलंय. त्यांना मारून काय होणार? ज्याने जन्माला घातलं त्याने विचारायचं असतं, कशी संपलीस म्हणून. त्याने विचारलं की नाव जातं."

"आन् त्यानं नायच विचारलं तर?"

तिने आधी त्या मूळ प्रोग्रॅमला खूण पाठवून पाहिली. तो ढिम्म. मग त्यालाच बंद केलं. पोरकी नावं सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या एक नंबरच्या प्रोसेसकडे गेली, तिने विचारलं आणि क्षणात यादी मोकळी झाली. योगेश खूश. मृण्मयी पडद्याकडे बघत राहिली. घरी हा दुसरा उपाय चालणारा नव्हता.

रविवारी दुपारी ती बाहेरच्या खोलीत आली आणि गुरुजींसमोर यजमानांच्या पाटावर बसली. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. यजमान आधी बोलत नाहीत.

बऱ्याच वेळाने गुरुजींचा हात सवयीने दौतीकडे गेला.

"गाव?"

"नाशिक. पंचवटी."

"कोण गेलं?"

"अथर्व यज्ञेश्वर."

"आपलं नातं?"

"पत्नी."

"तिथी?"

"फाल्गुन वद्य षष्ठी."

गुरुजी उठले, कपाटातून घरची वही काढली आणि लिहू लागले. अक्षर नेहमीसारखंच, गोल. शाईवर फुंकर घालून त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "इथे सही करा."

तिने केली.

सहा वाजले. गुरुजींनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा ठेवतेस का?"

दुसऱ्या दिवशी सिंधुबाईंनी गल्लीभर सांगितलं की सून अखेर ढसाढसा रडली. रडलं कुणीच नव्हतं. चहात आलं मात्र जास्त पडलं होतं, आणि ते तिच्या जिभेला लागलं.