तांबडीनं उबवलेली बदकं

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. मी एकदा सांगायला लागलो की मधे थांबायचा नाही. सगळं गाव त्या दिवशी ओढ्यावर जमलं आणि सगळं गाव मला येडा म्हणालं. म्हणू दे की! चूक झाली हे मी कबूल करतो, पण माझी झाली हे अजून कबूल केलेलं नाही.

मोठी लढाई संपली आणि मी पलटणीतून घरी आलो. पलटणीत मी खेचरं हाकायचो. तिकडं ब्रह्मदेशात, भाताच्या खाचरांत, मी जन्मात पहिल्यांदा बदकं बघितली. पुढं आई आणि मागं पिल्लांची रांग. काय ती रांग! शिव्या देऊनसुद्धा आमच्या हवालदाराला तशी कधी लावता आली नाही. तेव्हाच मनात धरलं, घरी गेलो की बदकं पाळायची.

आमचं गाव उंब्रजच्या अलीकडं. बदक आमच्याकडं कुणी पाळलेलं नाही. पण माझा पलटणीतला एक दोस्त सांगलीचा. त्याच्याकडून पाच अंडी आणली, कोंड्यात घालून, मांडीवर पिशवी धरून. मी मोटारीत बसलो तेव्हा तो खिडकीशी येऊन म्हणाला, "गड्या, कोंबडीच्या अंड्यांआधी सात दिस ही ठेव. म्हंजी समदी एकदम फुटत्यात. आन् दुसरं आसं की—"

तेवढ्यात कोळशावरची ती मोटार धूर ओकत सुटली. दुसरं काय ते सांगलीतच राहिलं. मी म्हटलं राहू दे, दुसरं आपल्याला कळत नाही होय?

घरी एकच कोंबडी खुडूक झालेली, बायकोची तांबडी. आता तांबडी म्हणजे साधीसुधी कोंबडी नव्हे. बायकोचं माहेर आटपाडीकडं. तिथून तिनं ती काखेत धरून आणलेली. त्या वर्षी माहेरी मानमोडी आली आणि तिच्या आईच्या होत्या नव्हत्या तेवढ्या कोंबड्या माना टाकून गेल्या. तो वाण उरला एकट्या तांबडीत. तिची पिल्लं वाढवायची आणि त्यातली जोडी आईला न्यायची, एवढंच बायकोच्या डोक्यात. आणि मी उभा पाच अंडी घेऊन!

"आवं, ही हिरवट का दिसत्यात? नासली का काय?"

"बदकाची हायती. तांबडीखाली ठेवायची."

"माज्या तांबडीखाली? न्हाई."

"अगं, पाचच."

"पाण्यातली जात ती. वढ्यावर जातील, मागनं तांबडी जाईल, तिच्या मागनं माजी पिल्लं जातील. मंग आईला काय धाडू? पिसं?"

मी शांतपणानं समजावलं. मी कधी आवाज चढवत नाही, मुद्दा मात्र सोडत नाही. म्हटलं, "त्यांची आई पाण्यात न्हेती म्हणून ती जात्यात. ह्या डोळ्यानं बघितलंय. हितं आई कोंबडी, भावंडं कोंबडीची. कोण शिकवणार पवायला? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाई पण गुण लागतोच."

"व्हय," बायको म्हणाली, "तुमी एवढी वरसं खेचरांशेजारी हुता. दिसतंयच."

तरी ऐकलं बिचारीनं. पण बजावलं, "माजं एक पिल्लू जरी पाण्यात गेलं, तर बगा."

"गेलं तर मी सोता उडी मारून काढीन!"

आता हे बोलायची काही गरज होती का, सांगा? मला पोहता येत नव्हतं. ब्रह्मदेशातल्या नद्या मी ओलांडल्या त्या खेचराच्या शेपटीला धरून. पण तोंडातून शब्द गेला तो गेला.

दोस्तानं सांगितल्याप्रमाणं बदकांची अंडी आधी ठेवली, सात दिवसांनी कोंबडीची. एकाच दिवशी सगळी फुटली. सात पिल्लं आणि पाच बदकं! तांबडीनं बाराच्या बारा पंखाखाली घेतली. मी बायकोला म्हटलं, "बघ, तिनं काय दुजाभाव केला का?"

पण बदकं कसली, पाणचक्क्या त्या! प्यायला ठेवलेल्या पाण्यातच बसायची. कोंबडीची पिल्लं भिजून कुडकुडायची, आणि मी एकेक उचलून धोतराच्या सोग्यानं पुसायचो. मग पाणी नारळाच्या नरोटीत ठेवायला लागलो, चोच तेवढी बुडेल इतकंच. म्हटलं, पाण्याचा नादच लागायला नको.

दुसरी अडचण, बदकांना उकरता येईना. तांबडी पायानं उकरून किडे दाखवायची, पिल्लं लगेच तसं करायची, आणि ही पाच नुसती माना वाकड्या करून बघायची. चार दिवस बघितलं आणि मग मीच उकिरड्यावर उकिडवा बसलो. बोटांनी उकरून दाखवायला लागलो.

नेमका शेजारचा तात्या तिथनं चालला होता. "काय रं, काय हरवलंय?"

"काय न्हाई. शिकवतोय."

"कुणाला?"

"बदकांस्नी. कोंबडीची रीत."

तात्या जो निघाला तो थेट चावडीवर. दुपारपर्यंत गावभर झालं, लढाईवरनं आलेला गडी उकिरडा उकरतोय, आता अंडी कवा घालतोय बघायचं!

इथं दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी चावडीवर गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "उद्या सकाळी वढ्यावर या. माजी बदकं पाण्याकडं ढुंकूनबी बगायची न्हाईत."

घरी आलो तर बायको दारातच. "बदकं न्हेयाची तर न्ह्या. माजी पिल्लं कशाला?"

"तांबडीशिवाय बदकं ऱ्हातील का? आन् तांबडीशिवाय पिल्लं?"

 सकाळी बायको हातात एक लांब काठी घेऊन माझ्या मागोमाग आली. मी पुढं, डोक्यावर डालगं, डालग्यात बाराजणं, काखेत तांबडी. ओढ्याच्या डोहाशी, जिथं आम्ही म्हशी धुतो तिथं, अख्खं गाव बसलेलं. जत्रेलासुद्धा इतकी माणसं येत नाहीत.

डालगं उपडं केलं. कण्या टाकल्या. बारांनी मिळून कण्या टिपायला सुरुवात केली. पाण्याकडं कुणी बघेना! मी गावाकडं बघितलं आणि मिशीला पीळ दिला.

मिशीवरचा हात खाली यायच्या आत पाचही बदकं डोहात!

तांबडी पंख पसरून काठावर धावायला लागली. काय तो आकांत! सात पिल्लं तिच्या मागं. आणि माझ्या डोक्यात एकच, ह्यांना पोहायला कुणी शिकवलेलंच नाही. नरोटीभर पाण्यापलीकडं पाणी ठाऊक नाही त्यांना. आता पाची मरणार, आणि त्यांच्यापायी पिल्लंही जाणार! शब्द दिलेला. मारली उडी.

डोह म्हशीच्या गळ्याएवढा होता, म्हणजे माझ्या टाळूएवढा. एकदा वर आलो तर बदकं दिसली. दुसऱ्यांदा वर आलो तर ती माझ्याभोवती गोल फिरत होती. तिसऱ्यांदा बघितलं तर माझं मुंडासं सुटून तरंगत होतं आणि त्यावर एक बदक बसलं होतं. अगदी आरामात!

"आरं, बदकं पवत्यात, गडी बुडाला!" तात्या ओरडला.

आणि बायकोनं काय केलं? आधी सातही पिल्लं डालग्याखाली झाकली. एकदा मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडं काठी केली.

बाहेर आलो. पोटातलं पाणी ओकून झालं. गाव हसून हसून आडवं झालेलं. पण मी काय माघार घेतोय? म्हटलं, "बघितलंसा न्हवं? मी उतरलो तवा शिकली ती. मला बगून!"

"ती आदी गेली, तुमी मागनं," बायको म्हणाली. तिनं तांबडीला उचलून छातीशी धरलं होतं. "हिला पवता येत न्हाई, म्हणून ही काठावर थांबली. एवढं कोंबडीला कळतंय."

पिल्लं मोठी झाली. त्यातली जोडी घेऊन आम्ही दोघं आटपाडीला गेलो. वाटभर मी बायकोला माझा मुद्दा समजावून सांगितला, आणि वाटभर ती डालग्यात बघत राहिली. आमच्या आधी माझी कीर्ती तिथं पोचलेली होती. सासूबाईंनी कोंबडा चाचपला, कोंबडीचे पंख उलगडून बघितले, तुरा बघितला. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. जावयाशी सासू समोरासमोर बोलत नाही आमच्यात. त्यांनी पदर पुढं ओढला, माझ्याकडं पाठ केली आणि लेकीला हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू जाईल इतपतच हळू.

"वाण अस्सल हाय गं बाय, कायसुदिक बिगडलं न्हाई. कोंबडीगत जावईबी जरा चाचपून घ्याया पायजे हुता."