लेकीने उतरवलेली आई

शाळेची बस चालवण्यात जिची अर्धी हयात गेली, तिला सगळे ‘बसबाई’च म्हणत. पाठीमागे पोरांचा कालवा चालू असताना नजर रस्त्यावर कशी ठेवायची, ते तिच्याकडून शिकावं. आता तिच्या लेकीला लायसन्स मिळालं होतं आणि रविवारी मैत्रिणींना घेऊन तलावावर जायला घरची गाडी हवी होती. लेकीचा हात गाडीवर छान बसला होता, पण स्वभाव पडला भिडस्त. कुणाला नाही म्हणायचं तिच्या अगदी जिवावर यायचं.

मग बसबाईने भलतंच काढलं. रोज संध्याकाळी लेकीशेजारी ती आई म्हणून नव्हे, तर आगाऊ मैत्रीण म्हणून बसायला लागली. गाणी मोठ्याने लावायची आणि वर टोचत राहायची. “एवढी हळू? झोप आली गं मला. घे ना त्याच्या पुढे.” लेकीने भिडेपोटी वेग वाढवला रे वाढवला, की बाई पुन्हा आई व्हायची. “बाजूला घे गाडी. आज नापास.”

“पोरीला शिकवतेस की छळतेस?” नवऱ्याने विचारलं.

“दोन्ही.”

शनिवारी तर तिने कहर केला. चालत्या गाडीत सीटबेल्ट काढला आणि मागच्या रिकाम्या सीटकडे वळून हसत सुटली. लेकीने इंडिकेटर दिला आणि पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी अलगद उभी केली.

“आई, बेल्ट लाव, नाहीतर उतर.”

“इतक्याने काय होतंय? घर आलंच की.”

“मग चालत ये.”

पोरगी हटेना. बसबाईही हट्टाला पेटली आणि उतरली. थांबेल थोडं पुढे जाऊन, असं तिला वाटलं. पोरीने आरशात पाहिलं, रस्ता मोकळा झाल्यावर गाडी काढली आणि गेली.

बाईला इतका आनंद झाला, की सांगू कुणाला असं झालं. कोपऱ्यावरच्या शिंप्याला तिने सांगितलंच.

“लेकीने भर रस्त्यात उतरवलं मला.”

“अरेरे, हल्लीची मुलं...”

“अरेरे काय? बेल्ट लावला नाही म्हणून उतरवलं. सख्ख्या आईला!” छाती फुगवून ती पुढे निघाली.

लेक दारातच उभी होती, रडवेली. “रागावलीस?”

“उद्या कितीजणी आहात?”

“माझ्याशिवाय चौघी.”

“चौघींनाही चालता येतं ना?” बसबाईने विचारलं आणि गाडीची दुसरी चावी तिच्या हातात ठेवली.