टेस्टरच्या घरी मुलगी आली

तो वीज कंपनीत मीटर तपासायचा. नुसते आकडे टिपून घेणारा नव्हे. ज्या घरात गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन सगळं चालतं आणि बिल मात्र एका पंख्याचं येतं, त्या घरी जाऊन चोरी पकडणारा. खिशात कायम टेस्टर असायचा, म्हणून नावही टेस्टरच पडलं. बायको चिडली की घरातही तीच हाक. दारावरची बेल वाजली तर कुणी आलंय असं वाटण्याआधी बेल बिघडली असेल असं वाटणारा हा माणूस. स्वभावच तसा, आणि नोकरीने त्याला आणखी खतपाणी घातलेलं.

अशा माणसाच्या घरी दोन समुद्रांपलीकडच्या देशातून मुलगी आली.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. दत्तक घ्यायचं तिनेच मनावर घेतलं आणि परदेशातल्या मुलांना घरं मिळवून देणारी संस्थाही तिनेच शोधून काढली. संस्थेच्या बाई मुलीला घेऊन आल्या तेव्हा हसतमुखाने सगळं सांगून गेल्या. मुलगी सहा वर्षांची, आईबाप नाहीत, तान्ही असल्यापासून अनाथ मुलांच्या वसतिगृहातच वाढली. घर कसं असतं ते तिला ठाऊकच नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

बायकोचे डोळे भरून आले. टेस्टरच्या डोक्यात मात्र त्याच क्षणी काहीतरी खटकलं. बाईंनी हे सगळं पाठ केल्यासारखं, एका दमात सांगितलं होतं. घाईघाईने इतकी सरळ उत्तरं देणारे लोक कोण असतात, ते त्याला कामावर रोज दिसत होतं.

मुलगी दिसायला किरकोळ, कपाळावर सरळ कापलेले केस. रडली नाही, हट्ट केला नाही. बायको जे पुढे ठेवील ते खाल्लं, जिथे बसवलं तिथे बसली. पण पायातले बूट काढेना. बायकोने गोंजारून बघितलं, स्वतःच्या चपला काढून दाखवल्या, पण व्यर्थ. सकाळी बघावं तर पांघरुणाबाहेर बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या.

“नवी जागा आहे, भीती वाटत असेल,” बायको म्हणाली.

निघायच्या तयारीतला माणूस बूट घालून बसतो, एवढं टेस्टरच्या मनात येऊन गेलं.

रोज संध्याकाळी तो कामावरून आला की मुलगी दारात येऊन उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची. प्रश्न विचारल्यासारखा, शेवटी आवाज उंच करून. तो हो म्हटल्यासारखी मान डोलवायचा, हसायचा. ती त्याच्याकडे टक लावून बघायची आणि आत निघून जायची. हे कुणाचं तरी नाव असावं, असं त्याने ठरवून टाकलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी बायको वाळलेली मोठी चादर काढून आणत होती. मुलगी उठली आणि न सांगता चादरीची दुसरी दोन टोकं तिने धरली. दोघींनी चादर ताणली. मुलगी चालत पुढे आली, आपली टोकं बायकोच्या हातात दिली, वाकून खालची घडी उचलली आणि पुन्हा मागे गेली. अगदी तालात. बायको कौतुकाने हसत सुटली. टेस्टर मात्र चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहिला. वसतिगृहात मुलांच्या एवढ्या मोठ्या चादरी नसतात. आणि चादरीची अशी घडी घालायला मुलगी कुणातरी मोठ्या बाईसमोर पुष्कळ वेळा उभी राहिलेली असते. घरात.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यानंतर तो डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. फ्रिजचं दार कमरेने ढकलून बंद करायचं तिला माहीत होतं. गॅसवर दूध चढलं की ती भांड्याकडे लक्ष ठेवायची. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे खालच्या मजल्यावरची शेजारीण आपलं तान्हं बाळ दाखवायला आली, तेव्हा मुलीने बाळाकडे एकदा बघितलं, आतल्या खोलीत गेली, कोट अंगात घालून परत आली आणि दाराशी उभी राहिली. शेजारणीला वाटलं, पोरीला फिरायला जायचंय.

टेस्टरला वाटलं ते त्याने बायकोला सांगितलं. ही मुलगी अनाथ नाही. तिला घर होतं, आई होती, पाठचं भावंडही असेल. कुणीतरी तिला उचलून संस्थेला दिलं आणि संस्थेने ती आपल्या गळ्यात बांधली. तिकडे एक बाई वेड्यासारखी हिला शोधत असेल.

बायको चष्म्याची काच पुसत होती. ती पुसतच राहिली.

“तुम्हाला चोरी सापडल्याशिवाय चैन पडत नाही,” ती म्हणाली. “आणि सापडली तर काय करणार आहात?”

टेस्टरने संस्थेत फोन केला. बाईंनी पहिल्यासारखंच सगळं सांगितलं, त्याच शब्दांत. त्याने चादरीचा विषय काढल्यावर त्या थोडं थांबल्या आणि मुलं हुशार असतात, बघून शिकतात, असं म्हणाल्या. थांबल्या कशाला? त्या रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत तात्पुरतं कनेक्शन तपासायला तो गेला. वरच्या मजल्यावर एक परदेशी माणूस फरशी बसवत होता आणि फोन कानाशी धरून कुणाशी तरी बोलत होता. बोलता बोलता त्याने तो शब्द उच्चारला. मुलीचा शब्द, तसाच, शेवटी आवाज उंच करून.

टेस्टर त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि या शब्दाचा अर्थ विचारला. वीज कंपनीचा माणूस असं काही विचारतोय म्हटल्यावर फरशीवाला सावध झाला. आपण कुठलीच वायर कुठे जोडली नाही, मुकादमाला विचारा, असं म्हणू लागला. त्याला समजावता समजावता टेस्टरच्या नाकी नऊ आले. शेवटी त्याने घरच्या मुलीचं सांगितलं तेव्हा कुठे फरशीवाल्याने हातातली थापी खाली ठेवली.

“‘आज’,” तो म्हणाला. “बायकोला विचारत होतो, पाहुणे आज येणार का. त्या शब्दाचा अर्थ ‘आज’.”

रोज संध्याकाळी दारात उभी राहून मुलगी विचारत होती, आज? आणि तो हसून मान डोलवत होता.

रविवारी फरशीवाला घरी आला. हात स्वच्छ धुतलेले, तरी नखांत सिमेंट राहिलेलं. मुलीने आधी त्याच्याकडेही संशयानेच बघितलं. तो जमिनीवर बसला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलला. इतके दिवस मूग गिळून बसलेली मुलगी हळूहळू बोलायला लागली, आणि मग थांबेचना. बायको मध्येच काय म्हणाली, काय म्हणाली असं विचारत होती. फरशीवाला हाताने थांबा म्हणायचा. टेस्टर भिंतीला टेकून उभा होता. आता आईचं नाव निघणार अशी त्याची खात्री होती.

आई निघाली नाही. मुलगी खरोखरच अनाथ होती. पण मागच्या हिवाळ्यात तिच्याच देशातल्या एका जोडप्याने तिला घरी नेलं होतं. तिथे ती त्या बाईबरोबर चादरींच्या घड्या घालायची, त्यांना आई-बाबा म्हणायची. मग त्यांना स्वतःचं बाळ झालं. बाळ घरी आलं आणि थोड्याच दिवसांत हिला वसतिगृहात परत पोचवलं. निघायच्या दिवशी हिचे बूट सापडत नव्हते. गाडी खाली उभी होती, शोधाशोध झाली, आणि तो बाबा तिच्यावर फार रागावला. त्याच्याशी तिची ती शेवटची भेट.

“म्हणून ती बूट काढत नाही,” फरशीवाला म्हणाला. “तुमचा खोळंबा व्हायला नको म्हणते. आज परत न्यायचं आहे का, असं ती विचारते आणि तुम्ही रोज मान डोलवून हो म्हणता. मग नेत मात्र नाही. तुम्ही नक्की काय करणार आहात, हे तिला कळत नाहीये.”

बायको तोंडावर पदर धरून आत गेली. टेस्टर म्हणाला, तिला सांगा, आम्ही तिला कधीच परत पाठवणार नाही.

फरशीवाल्याने नकारार्थी मान हलवली. “हे नको, साहेब. त्यांनीही तिला असंच सांगितलं होतं. माझ्या तोंडून तेच ऐकलं तर ती माझ्याशीही बोलायची नाही.”

“मग काय सांगू?”

“तिला जेवढं माहीत असायला हवं, तेवढं सांगा.”

टेस्टरने बराच विचार केला. मग सांगायला लावलं, की आज नाही. उद्या सकाळी मी कामावर जाईन, संध्याकाळी अंधार पडायच्या आत येईन. बूट घालून झोपायचं असेल तर झोप, पण नाड्या सैल कर, पायाला वळ उठतात. मुलीने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि एक उलटा प्रश्न विचारला. फरशीवाला पहिल्यांदाच हसला. तुम्हाला बाळ होणार आहे का, असं ती विचारत होती.

त्यानंतर संध्याकाळी ती दारात आली की टेस्टर तिच्या भाषेत ‘आज नाही’ म्हणायचा. उच्चार इतका वाईट, की ती दुरुस्त करायची. रविवारी फरशीवाला जेवायला यायला लागला. मुलगी त्याला मामा म्हणते हे कळल्यावर बायकोला आधी थोडं लागलं. तिला स्वतःला मुलीकडून अजून कुठलंच नाव मिळालं नव्हतं.

महिन्याभराने संस्थेच्या बाई पाहणीसाठी आल्या. बेल वाजली, टेस्टरने दार उघडलं. मुलीने बाईंना ओळखलं आणि क्षणात तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. टेस्टर बाहेर पडला, दार मागे ओढून घेतलं आणि जिन्यातच उभा राहिला.

“ती आधी एका घरात राहून आली होती,” तो म्हणाला. “हे तुम्हाला माहीत होतं.”

बाईंनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, होतं. एकदा परत आलेलं मूल म्हटलं की लोकांना वाटतं, त्याच्यातच काही खोट असणार. सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं का?

टेस्टरला ताडकन ‘हो’ म्हणायचं होतं. पण तो स्वतःला ओळखून होता. मग म्हणाला, पाहणी इथेच, जिन्यात करा. आत यायचं नाही. बाईंनी नियम सांगितला, त्याने ऐकून घेतला, पण दारातून हलला नाही. जे विचारायचं ते बाईंनी तिथेच उभ्याने विचारलं आणि नाराज होऊन निघाल्या.

तो आत आला तेव्हा मुलगी बायकोच्या मागे उभी होती, तिच्या कुडत्याचं टोक मुठीत घट्ट धरून.

“गेली?” मुलीने विचारलं. या घरच्या भाषेत, स्पष्ट.

“गेली,” टेस्टर म्हणाला.

तिचा विश्वास बसला नाही. तिने बायकोचा हात धरला आणि तिला ओढत खिडकीशी नेलं. खाली बाई रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बस लवकर आली नाही. बायकोने दूध गरम करायचंय म्हणून हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण मुलीने तो सोडला नाही. बस आली, बाई चढल्या, बस वळणावरून दिसेनाशी झाली, तरी दोघी तिथेच उभ्या होत्या. शेवटी टेस्टरनेच जाऊन गॅस पेटवला.